पहिली गाठ रिकामी

वर्ध्यात मी सतरा वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. किती जणांना शिकवलं म्हणून विचाराल तर माझा आकडा ऐकून तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढी तर जिल्ह्यात माणसंच नाहीत. आमच्या घरी नियमच आहे, माझ्या तोंडून निघालेल्या कुठल्याही आकड्याला चारने भागायचं. माझी बायको पाहुण्यांना चहाबरोबर हा नियम सांगते, म्हणजे पुढे फसवणूक झाली अशी तक्रार नको.

सुरुवातीच्या काळात लोक क्लासच्या दाराशी चपला काढून, देवळात यावं तसे आत येत. कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही आणि ऊनही सोसत नाही, अशी ख्याती होती. ख्याती मीच पसरवली होती. त्या नावाखाली मी दोन कूलर बसवले आणि मे महिन्यात माझ्याकडे इतकी गर्दी होऊ लागली, की अर्धा वर्धा साक्षर झाला असं मला वाटे. प्रत्यक्षात निम्मे जण कूलरपुढे बसून झोपत. एक किराणा दुकानदार तर पूर्ण तीन महिने आला, परीक्षेच्या दिवशी म्हणाला, "मास्तर, थंडावा चांगला होता," आणि निघून गेला.

हे सगळं भागाकार करून वाचा. आता जे सांगणार आहे त्याला मात्र भागू नका.

आष्टीहून एस.टी.ने ज्ञानेश्वर नावाचा एक तरणाबांड माणूस आला, तिथून हे सुरू झालं. काळा चष्मा, हातात घडीची काठी. मी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं, मॉनिटर लावला, पंखा लावला, आणि पाच मिनिटं माझं नेहमीचं स्वागताचं भाषण केलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, हा टीव्ही बंद करून द्या ना. मले तं दिसत नाई. फुकटची वीज काऊन जाळता?"

मी मॉनिटर बंद केला. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की मॉनिटर बंद झाला तर मला स्वतःलाच कॉम्प्युटर येत नाही.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं उलगडून सांगतो. अंध माणसाला माउसचा उपयोग नाही, कारण बाण कुठे चाललाय ते दिसत नाही. त्याचं सगळं काम कीबोर्डवर. टॅब नावाची कळ दाबली की पडद्यावरच्या एका जागेवरून पुढच्या जागेवर जाता येतं, आणि एंटर दाबलं की त्या जागेचं काम होतं. पडद्यावर काय आहे ते मोठ्याने वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्याचा फुकट नमुना मी मिळवला होता. त्याचं आयुष्य चाळीस मिनिटांचं. चाळीस मिनिटं झाली की त्यातली बाई वाक्याच्या मधोमध गप्प. मग कॉम्प्युटर बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा, की बाईचा पुनर्जन्म. आमच्या क्लासात तास घड्याळावर चालत नसे, त्या बाईच्या मरणावर चाले.

शिवाय बाई परदेशची. मराठी तिच्या कानावरून गेलेलं नाही. तेव्हाचे मराठी टाइप म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेले मुखवटे. आम्हाला 'माननीय' दिसे, बाईला खालचं मूळ दिसे आणि ती वाचे, "डॉलर, कंस, टक्के, एक्स." ज्ञानेश्वर खो खो हसायचा. "सर, साहेबाले डॉलर कंस टक्के म्हणून राह्यली, तिची काय चूक!" तो पुढे दोन महिन्यांत टायपिंग शिकून गेला. पण जाताना चार गावांत सांगून गेला, की वर्ध्यात एक मास्तर आहे, बोलतो लय पण शिकवतो. म्हणून कुंदा आली.

कुंदाचे वडील महादेवराव नालवाडीच्या बाहेर भाजीपाला पिकवत. मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. कुंदा जन्मापासून अंध, अंधशाळेत दहावी झालेली. ब्रेल वाचताना तिची बोटं अशी धावत, की मला माझ्या डोळ्यांची लाज वाटे. एका कार्यालयात टेलिफोनवर बसण्याची जागा निघाली होती, अंधांसाठीच राखलेली. अट एकच, कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र तीन महिन्यांनी, महिनाअखेर हातात हवं. परीक्षा एकच, ती त्याच महिन्याच्या वीस तारखेला.

महादेवराव पहिल्या दिवशी म्हणाले, "मास्तर, आमच्या मांगं हिले कोण पाह्यन? नोकरी लागली तं ही कोणाच्या दारात नाई जाणार. तुमी फकस्त खरं सांगा, होईन का?"

"होईन का म्हणजे? अहो, ही परीक्षा तुमच्या कुंदाच्या पायावर लोटांगण घालते की नाही पहा!" मी म्हणालो.

कुंदा म्हणाली, "सर, खरं सांगा म्हणलं बाबांनी."

तिची आणि माझी खरी कुस्ती इथेच होती. पडदा वाचणारी बाई जिथे गप्प बसे तिथे मी वर्णन करून सांगायचो. "उजवीकडे एक बटण आहे, चांगलं भाकरीएवढं, सोन्यासारखं पिवळं..." कुंदा हात वर करी. "सर, भाकर नका सांगू. टॅब किती?" मी म्हणायचो, "पाच-सात." ती म्हणायची, "पाच का सात?" मी चष्मा लावून मोजायचो. सहा निघायचे.

सगळ्यात मोठी अडचण परीक्षेच्या सॉफ्टवेअरची. त्यातले प्रश्न म्हणजे चित्रं. अक्षरं नाहीतच, अक्षरांचे फोटो. आणि हे सॉफ्टवेअर सुरू असताना दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची परवानगी नाही, त्यामुळे आमची बाई मुकी. ज्यांनी ते बनवलं त्यांच्या मनात कधी आलंच नसेल, की डोळे नसलेलं माणूस इथे बसेल. मी परीक्षेच्या कार्यालयाला पत्रं लिहिली. शेवटी एवढं मिळालं: पर्यवेक्षक तिला छापील कागदावरून प्रश्न आणि चार पर्याय वाचून दाखवतील. पर्याय निवडून एंटर मारायचं काम तिचं. कोणी पडद्याकडे पाहून तिला काही सांगायचं नाही.

म्हणजे पन्नास प्रश्न, पडदा मुका, आणि आपण नक्की कुठे आहोत हे फक्त स्वतःच्या मोजण्यावर.

त्यावर तिने जे केलं ते मला सात जन्मांत सुचलं नसतं. महादेवरावांच्या शेतात भाजीच्या जुड्या बांधायचं काम तिचं. वीस जुड्या झाल्या की ती सुतळीला एक गाठ मारी. संध्याकाळी गाठी चाचपून वडिलांना सांगे, आज इतक्या मेथीच्या, इतक्या सांबाराच्या. एक दिवस ती पिशवीतून सुतळीचे तुकडे घेऊन आली. साधी गाठ म्हणजे टॅब, दुहेरी गाठ म्हणजे एंटर. पत्र उघडायची एक दोरी, अक्षर ठळक करायची एक दोरी, छापायची एक दोरी. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर ब्रेल टोचून प्रत्येक दोरीला नाव. मी भिंतीवर खिळे ठोकून दिले. महिन्याभरात माझी भिंत सुतळीच्या दुकानासारखी दिसू लागली. डावा हात दोरीवर, उजवा कीबोर्डवर, आणि मुक्या पडद्यावर ती अशी चाले जशी माणसं आपल्या घरात अंधारात चालतात.

परीक्षेची दोरी सगळ्यात लहान होती. आधी एक दुहेरी गाठ: सूचनांचं पान ओलांडायचं एंटर. त्या पानावर टॅब कितीही दाबा, काही होत नाही. एंटर दाबलं तरच पहिला प्रश्न. मग चार साध्या गाठी म्हणजे चार पर्याय, मग दुहेरी गाठ, की पुढचा प्रश्न. पन्नासाव्या प्रश्नानंतर एंटर दाबलं की कॉम्प्युटर एकदा 'टूँ' करी. तेवढाच त्याचा बोलका शब्द. नमुना परीक्षेत तिला सत्तेचाळीसच्या खाली कधी मिळाले नाहीत. हा आकडा चारने भागायचा नाही.

आता माझ्यावर येतो.

तीन अंध विद्यार्थी झाल्यावर मी क्लासच्या एका कोपऱ्याला 'अंध विद्यार्थी विभाग' असं नाव दिलं. नाव दिलं की उद्घाटन आलं. उद्घाटन आलं की पाहुणे आले, हार आले, पेपरचा फोटोग्राफर आला. गावातल्या एका बड्या कापड व्यापाऱ्यांना बोलावलं. त्यांना सवड होती ती नेमकी एकोणीस तारखेला, परीक्षेच्या आदल्या दिवशी. फीत कापणं मला जुनाट वाटलं. मी म्हटलं, कॉम्प्युटरचा क्लास आहे, पाहुण्यांनी बटण दाबून उद्घाटन करावं. म्हणून कुंदाच्या मशीनमध्ये मी एक पट्टी बसवली. मशीन सुरू झालं की खाली झेंडूचा हार, त्यात 'स्वागतम्' आणि पाहुण्यांचं नाव. एंटर दाबलं की पट्टी नाहीशी.

कुंदा सकाळीच आली होती. म्हणाली, "सर, उद्या माही परीक्षा हाय. आज माह्या मशीनले कोणाले हात नका लावू देऊ."

"अवं, एक बटन तं दाबतील. काय बिघडते?"

"दुसऱ्या मशीनवर नाई का दाबता येणार?"

"दुसऱ्या मशीनवर अंध विभाग आहे का? फोटोत तुझं मशीन दिसलं पाहिजे."

ती मशीनसमोरून उठली. पाहुण्यांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, मी भाषण ठोकलं. त्यात मी म्हणालो, की या मुलीसाठी मी रात्रीचा दिवस केला. फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. कुंदाचा अर्धाच खांदा आला होता. मी पूर्ण होतो.

पट्टी काढायची राहिली.

वीस तारखेला सकाळी अकराला परीक्षा, माझ्याच क्लासात; केंद्र तेच होतं. पर्यवेक्षक दुसऱ्या गावाहून आलेले, शिस्तीचे. मला त्यांनी बाहेर काढलं. केंद्रचालकाने काचेच्या दाराबाहेर राहायचं असा नियम. सगळी मशिनं सुरू झाली. बाकीच्या अकरांवर काही नव्हतं. कुंदाच्या पडद्यावर परीक्षेच्या पानाखाली झेंडूचा हार डोकावला. मी तेव्हा महादेवरावांशी हवामानावर बोलत होतो.

पर्यवेक्षक म्हणाले, "सुरू करा." कुंदाने पहिल्या गाठीवर बोट ठेवलं आणि एंटर दाबलं. ते एंटर स्वागताने खाल्लं. पट्टी गेली, सूचनांचं पान जिथल्या तिथे. ती समजली, पान ओलांडलं. पर्यवेक्षकांनी पहिला प्रश्न वाचला, तिने टॅब मारले, एंटर मारलं. ते सूचनांच्या पानावर वाया गेलं आणि तेव्हा कुठे पहिला प्रश्न पडद्यावर आला. मग त्यांनी दुसरा वाचला, आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या जागी जाऊन बसलं. तिसऱ्याचं दुसऱ्याच्या. लग्नाच्या पंगतीत एक पान चुकलं आणि सगळी पंगत सरकली, तसं.

मी दाराशी आलो तेव्हा आतून आवाज आला, "प्रश्न आठवा." आणि पडद्यावर लिहिलं होतं: प्रश्न सात.

मला एका श्वासात सगळं कळलं. हारासकट.

दाराला कडी नव्हती. ढकललं असतं तर उघडलं असतं. "थांबा, चूक माझी आहे, परीक्षेच्या मशीनमध्ये मी ढवळाढवळ केली," एवढंच म्हणायचं होतं. आठवाच प्रश्न चालू होता. पुन्हा पहिल्यापासून बसवता आलं असतं. पण परीक्षेच्या मशीनमध्ये बाहेरचं काही घातलं तर केंद्राची मान्यता जाते, हेही मला तोंडपाठ होतं. मी विचार करत राहिलो. प्रश्न नववा झाला. दहावा झाला. म्हटलं, अकराव्याला जातो. मग म्हटलं, आता अर्ध्यात गेलं तर तिचाच गोंधळ होईल. असं म्हणणं किती सोपं असतं! ज्या माणसाचं तोंड बंद करायला बायकोला भांडी आपटावी लागतात, तो माणूस बेचाळीस प्रश्न गप्प उभा राहिला.

पन्नासावा प्रश्न वाचून झाला. कुंदाने एंटर दाबलं आणि मान किंचित तिरकी करून थांबली. 'टूँ' आलं नाही.

ती बोटाने दोरी पहिल्यापासून चाचपू लागली. मग म्हणाली, "साहेब, माहं एक मांगं राह्यलं. कुठूनतरी एक."

"मागे जाता येत नाही या सॉफ्टवेअरमध्ये," पर्यवेक्षक म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "एखादा राहिला असेल तर असू द्या, बाई. एकाने काय होतं?"

तिने दोरीची घडी घातली आणि हात मांडीवर ठेवले. तिला माहीत होतं, एकाने काय होतं ते.

वेळ संपली की निकाल लगेच पडद्यावर येई. पन्नासात अकरा. बाहेर महादेवराव मला म्हणाले, "मास्तर, काय झालं जी?" आणि मी म्हणालो, "व्होल्टेज. मधेच व्होल्टेज पडलं आणि मशीनने दगा दिला." मी व्होल्टेजचं असं वर्णन केलं, की महावितरणचा माणूसही रडला असता.

कुंदा ऐकत होती. म्हणाली, "सर, मशीन सुरू झाली तवा पह्यले काई आलं होतं का समोर?"

"नाई."

"बरं," ती म्हणाली, आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरली.

दोन दिवस मी जेवलो नाही असं सांगितलं तर खोटं होईल. जेवलो. पण दोन दिवस कुणाला गोष्ट सांगितली नाही. तेवढ्यावरून बायकोने ओळखलं. तिसऱ्या दिवशी सायकल काढून नालवाडीला गेलो. कुंदा बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. महादेवराव पाणी फिरवत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. हार, पट्टी, आठवा प्रश्न, काचेचं दार. पहिल्यांदाच कुठलंही विशेषण न लावता.

महादेवरावांनी फावडं खाली ठेवलं. मग उचलून पुन्हा पाणी फिरवायला लागले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुंदाने हातातली जुडी पूर्ण बांधली. "मले समजलं होतं तुमी 'नाई' म्हणले तवाच. तुमी कधी एका शब्दात बोलत नाई, सर." मग दुसरी जुडी हातात घेत म्हणाली, "आठव्यालेच आत आले असते तं?"

सायकल ढकलत मी घरी आलो.

मी परीक्षेच्या कार्यालयाला सगळं लिहून पाठवलं. माझ्या केंद्राची मान्यता सहा महिन्यांसाठी काढली. ते योग्यच होतं. कुंदाची परीक्षा दुसऱ्या केंद्रावर पुन्हा झाली, दीड महिन्याने. तिला अठ्ठेचाळीस मिळाले. तोवर महिनाअखेर उलटून गेली होती आणि टेलिफोनवर दुसरं कुणी बसलं होतं. तशी जागा पुढे चार वर्षं निघाली नाही. ती चार वर्षं ती जुड्याच बांधत होती. पेपरात याची बातमी आली नाही. उद्घाटनाचा फोटो मात्र मी क्लासच्या भिंतीवरून नालवाडीहून आलो त्याच दिवशी उतरवला, आणि तिच्या दोऱ्या ती मागायला येईल म्हणून तशाच ठेवल्या. ती आली नाही. मीच एक दिवस पिशवीत भरून नेऊन दिल्या.

क्लास मी पुढे बंद केला. घरोघरी कॉम्प्युटर आले, कूलरही आले. आणि अचानक एक दिवस कुंदाचा फोन. सिंदी रेल्वे नावाच्या गावी एका संस्थेत ती अंध मुलींना कॉम्प्युटर शिकवते. "येजा ना एकदा, सर. भिंत पाह्यजा."

पॅसेंजरने गेलो. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. एक लांबट खोली, चार मशीन, पाच मुली, आणि भिंतभर खिळ्यांना सुतळ्या. आता बाईला थोडंफार मराठी येतं, तरी मुकी सॉफ्टवेअरं काही संपलेली नाहीत. मी एक दोरी उचलली आणि डोळे मिटून चाचपली. सुरुवातीला एक मोठी, सैल गाठ होती. साधीही नाही, दुहेरीही नाही. दुसरी दोरी घेतली. तिलाही तशीच. सगळ्यांनाच.

"ही कशाची?" मी विचारलं.

कुंदा एका मुलीला म्हणाली, "सांग व सरांले."

मुलगी घडाघडा म्हणाली, "पह्यली गाठ रिकामी असते. तिथं कोनतीच कळ नाई दाबायची. थांबायचं. मशीन बोलत नसन तं कोनाले तरी विचारायचं, समोर काय आलं हाय. मंगच दुसरी गाठ."

"कुणाला विचारायचं?"

"ज्याले दिसते त्याले."

"आणि तो खोटं बोलला तर?"

मुलगी गोंधळली नाही. "म्हनून दोघांले विचारायचं."

कुंदा हसली, मनापासून हसली असं मला वाटलं, पण मी वाटण्यावर आता फार विसंबत नाही. तिने एक मशीन सुरू केलं. डावा हात दोरीवर, बोट पहिल्या गाठीवर. "सर," ती म्हणाली, "समोर काय आलं?"

मी खिशातून चष्मा काढून लावला. वाकून पाहिलं. "मधोमध एक चौकट. तिच्यात दोन ओळी मजकूर, मजकुराखाली एक बटण. बाकी काही नाही."

"एकच बटन?"

"एकच."

तिने मान डोलावली. मग दाराकडे तोंड करून झाडू घेऊन चाललेल्या बाईंना हाक मारली, "मावशी, जरा इकडं येजा. पाह्यजा बरं, समोर काय दिसून राह्यलं?"

मावशी आल्या, पदराला हात पुसत वाकल्या, बोटाने मोजलं आणि म्हणाल्या, "एक डबी हाय. खाली एकच बटन हाय."

तेव्हा कुठे कुंदाने बोट दुसऱ्या गाठीवर नेलं.